तरवड पिवळा पडतो, फुलत नाही, दरवर्षी मरतो? तपासायला इथून सुरुवात करा

लातूरमध्ये आणि आसपास औसा, रेणापूर, अंबाजोगाईपर्यंत ओळखीच्या लोकांच्या बागेत मी तरवड लावून देते. रोपं माझी, बी माझ्या गावच्या माळावरचं. त्यामुळे झाड बिघडलं की फोनही मलाच येतो. इतक्या वर्षांत तक्रारी त्याच त्या आणि कारणंही बहुतेक तीच, म्हणून सगळं एकदा क्रमानं लिहून ठेवते.

आधी लक्षणं बघा. तुमचं झाड कशात बसतं ते ठरवा.

- जुलै-ऑगस्टमध्ये खालची पानं पिवळी होऊन गळतात, शेंडा हिरवा राहतो, माती कायम ओली. दसऱ्यापर्यंत झाडाची काठी होते.
- झाड हिरवंगार, उंच, लुसलुशीत. पण नवरात्रात घटाच्या माळेला एक फूल मिळत नाही.
- दोन-तीन दिवसांत पानं गायब, नुसते देठ उरतात.
- नवं रोप लावल्यावर आठ-दहा दिवसांत मान टाकतं, पाणी घालूनही उठत नाही.
- शेंड्याची नवी पानं अरुंद, वळलेली, पिळवटलेली येतात.
- उन्हाळ्यात पानांच्या कडा करपतात, आळ्यातल्या मातीवर पांढरा थर दिसतो.
- बी पेरून महिना झाला तरी काहीच उगवत नाही.

पहिल्या दोन तक्रारी सगळ्यात जास्त येतात. दोन्हींचं कारण एकच आहे: त्याला लागत नाही ते आपण त्याला देतो. तरवड हे माळाचं झुडूप. बालाघाटच्या उतारावर, रस्त्याकडेच्या मुरमात, जिथं गवतही उन्हाळ्यात टिकत नाही तिथं तो उभा असतो. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून लातूरला द्यावं लागलं, तेव्हा आमच्या गल्लीतले गुलाब आणि मोगरे सगळे गेले. त्याच महिन्यात गावी गेले तर माळावर तरवड जिवंत, एकदोन फांद्यांना फुलंसुद्धा. त्या दिवसापासून मी बागेसाठी वेगळा विचार करायला लागले. आता एक-एक तपासणी करू. आधी फुकटातल्या, मग थोडी अंगमेहनत लागणाऱ्या, शेवटी झाड उपटावं लागतं त्या.

हा तरवडच आहे का?

हसू नका, हे आधी बघा. नर्सरीत पिवळ्या फुलांची तीन-चार वेगवेगळी झुडपं एकाच नावानं विकली जातात. मला स्वतःला एका नर्सरीतून तरवड म्हणून भलतंच शोभेचं झुडूप मिळालं होतं आणि मी त्याला वर्षभर तहानलेलं ठेवलं. खूण सोपी आहे. पान फांदीला जिथं चिकटतं तिथं दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखी गोलसर हिरवी उपपर्णं असतात आणि ती लवकर गळत नाहीत. त्याच्या शास्त्रीय नावातच कान आहे: सेन्ना ऑरिक्युलाटा. पानाला साधारण 8 ते 12 जोड्या पर्णिका, म्हणजे एकाच देठावरची छोटी पानं, आणि शेंग चपटी, कागदासारखी पातळ. पर्णिकांच्या तीनच जोड्या आणि शेंग लांब, बारीक, वाकडी असेल तर तो टाकळा. टाकळा पावसाळी आहे, तो पाऊस सरला की वाळणारच, त्याला वाचवायला जाऊ नका. कान नसतील तर पुढचं काहीच तुमच्या झाडाला लागू होत नाही.

पानं कुणी खाल्ली?

पान उलटं करून बघा. पानाच्याच रंगाची, बाजूनं फिकट रेघ असलेली हिरवी अळी दिसली तर ती एमिग्रंट फुलपाखराची असण्याची शक्यता मोठी. ही फिकट पिवळी-पांढरी, सरळ रेषेत भरभर उडणारी फुलपाखरं आपण पावसाळ्यात सगळीकडे बघतो. मॉटल्ड एमिग्रंटची मादी तरवडावर अंडी घालते आणि अळ्या पानं खाऊन मोठ्या होतात. हा बिघाड नाही. बागेत फुलपाखरं यावीत म्हणून झाड लावलं असेल तर ते काम सुरू झालंय. एका वर्षाच्या वरचं निरोगी झाड पूर्ण ओकंबोकं झालं तरी पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांत पुन्हा पालवतं. फक्त वीतभर रोप असेल तर अळ्या हातानं उचलून मोठ्या झाडावर ठेवा. कुठलाही फवारा नको, निंबोळी अर्कसुद्धा नको, तोही अळ्यांना मारतो.

पानाच्या मधल्या शिरेवर पर्णिकांच्या जोड्यांमध्ये बारीक उभ्या ग्रंथी असतात. त्यांतून गोड रस येतो, म्हणून मुंग्या ये-जा करतात. मुंग्या दिसल्या की लोक पावडर टाकतात. त्या मुंग्या खोडाला त्रास देत नाहीत, उलट बाकीच्या किड्यांना हुसकावतात. राहू द्या. कापसासारखी पांढरी कीड दिसली तर मात्र पाण्याच्या जोरदार धारेनं दोन-तीनदा धुऊन काढा.

नवी पानं पिळवटली असतील तर शेजारच्या शेतात चौकशी करा. उसात रुंद पानाच्या तणासाठी टू-फोर-डी मारतात आणि वाऱ्यानं त्याचा तुषार दूरवर जातो. त्यावर उपाय नाही, वाट बघायची. थोडं लागलं असेल तर पुढची पालवी सरळ येते. शेजाऱ्याला वारा पडल्यावर फवारायला सांगा. मी सांगते, आणि लोक ऐकतात.

पाणी

सगळ्यात जास्त झाडं इथं मरतात.

बांबूची काडी किंवा लोखंडी सळई घ्या, बुंध्यापासून वीतभर दूर सहा इंच खुपसा, दोन मिनिटांनी काढा. काडीला चिकट चिखल आला आणि गेल्या आठ दिवसांत पाऊस नाही, तर पाणी जास्त होतंय. वापसा असेल, म्हणजे माती हातात दाबल्यावर गोळा होऊन बोटानं फुटत असेल, तर ठीक. कोरडी ठणठणीत असेल तरी घाबरू नका, एक वर्षावरच्या झाडाला ते चालतं.

आता ठिबक बघा. बागेत जास्वंद, मोगरा, कढीपत्ता यांची एकच नळी असते आणि त्याच नळीवर तरवडालाही एक ड्रिपर दिलेला असतो. ताशी 4 लिटरचा ड्रिपर रोज एक तास चालला तर महिन्याला 120 लिटर झाले. मी पहिल्या वर्षी उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून 15 लिटरची एक बादली घालते, म्हणजे महिन्याला 30 लिटर. दुसऱ्या उन्हाळ्यापासून काहीच नाही. म्हणजे ज्या झाडाला काही नको, त्याला आपण 120 लिटर पाजतो. तेही टंचाईच्या गावात.

पाणी जास्त झाल्यावर झाड मान का टाकतं हे समजून घ्या, कारण इथं चूक दुप्पट होते. मुळांना हवा लागते. मातीतली पोकळी पाण्यानं भरून राहिली की मुळं गुदमरतात, मग बुरशी लागून कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून पानं कोमेजतात. वरून बघणाऱ्याला वाटतं झाड तहानलंय. तो आणखी एक बादली ओततो. माती ओली आणि पानं मात्र कोमेजलेली, असं दिसलं की तो रोग मुळाचा आहे, तहानेचा नाही, हे पक्कं धरा. भर दुपारी पानं मिटली आणि सकाळी ताठ असतील तर काळजी नाही. सकाळीसुद्धा लोळत असतील तर खाली काहीतरी बिघडलंय.

काय करायचं: तरवडाचा ड्रिपर आजच बंद करा, त्या जागी बंद टोपी बसवा. पावसाळ्यात पावसाचा खंड पंधरा-वीस दिवसांवर गेला तरच, आणि तेही पहिल्या वर्षाच्या रोपालाच, एक बादली. आळं केलेलं असेल तर मोडून बुंध्याकडून बाहेर उतार द्या. झाड सावरायला महिना-दीड महिना लागतो. त्या काळात दुसरं काही करू नका.

ऊन आणि खत

फुलं नाहीत अशी तक्रार असेल तर सावली मोजा. दिवसात किमान सहा तास थेट ऊन हवं. भिंतीच्या उत्तरेला किंवा मोठ्या कडुनिंबाखाली लावलेला तरवड जगतो, पण उंच होऊन वाकतो आणि फुलत नाही. कुंडीत असेल तर उचलून गच्चीवर न्या, जमिनीत असेल तर कडुनिंबाची एखादी खालची फांदी काढता येते का बघा.

खताचं उत्तर छोटं आहे: देऊ नका. युरिया तर नाहीच, शेणखत-गांडूळखतही नको. नत्र वाढलं की झाड पानांवर जातं आणि फुलं मागे पडतात. द्विदल घराण्यातला असूनही त्याच्या मुळांवर हरभऱ्यासारख्या नत्राच्या गाठी येत नाहीत, म्हणून जिवाणू खताची पाकिटं त्याला लावूनही उपयोग नाही. आधीच खत पडलं असेल तर यंदाचं वर्ष सोडून द्या, पुढच्या मे महिन्यात फांद्या एकतृतीयांश छाटा. फुलं नव्या फुटव्याच्या टोकाकडे येतात, त्यामुळे छाटलेलं झाड पावसाळ्यात जास्त तोंडं फोडतं.

इथं एक सांगावंसं वाटतं. तरवडाच्या फुलात मध नसतो, फक्त पराग असतात, आणि तेही पुंकेसराच्या टोकाच्या बारीक छिद्रातून बाहेर येतात. मोठा काळा भुंगा फुलाला घट्ट धरून अंग थरथरवतो तेव्हा पराग झटकन उडतात. सकाळी आठच्या सुमारास झाडाजवळ उभं राहिलं तर तो आवाज ऐकू येतो, उडतानाच्या आवाजापेक्षा वेगळा, चढा. फुलं भरपूर पण शेंगा नाहीत अशी तक्रार असेल तर भुंगे नाहीत असं समजा. हे भुंगे वाळक्या लाकडात, बांबूत बीळ करून राहतात. शेवग्याची किंवा आंब्याची एक वाळकी जाड फांदी बागेच्या कोपऱ्यात टांगून ठेवा. बाग स्वच्छ करायच्या नादात आपण त्यांची घरं जाळतो.

बुंधा

हातानं बुंध्याजवळची माती दोन-तीन इंच बाजूला करा. उसाचं पाचट किंवा वाळकी पानं बुंध्याला टेकवून रचली असतील तर साल कायम ओली राहते आणि मऊ पडते. आच्छादन बुंध्यापासून टीचभर दूर ठेवा. मग नखानं साल किंचित खरवडा. आत हिरवी-ओली असेल तर झाड वाचेल. तपकिरी, कोरडी असेल तर वर सरकत दोन-तीन ठिकाणी खरवडून बघा. मातीलगत हिरवी आणि वर तपकिरी असेल तर हिरव्यापर्यंत छाटा, खालून फुटेल. माळावर सरपणासाठी तोडलेला तरवड असाच फुटतो. मातीलगतच तपकिरी झाली असेल तर शेवटच्या तपासणीकडे जा.

निचरा

लातूर, परभणी, नांदेडकडच्या बऱ्याच प्लॉटवर काळी माती आहे आणि खरी अडचण तीच. काळी माती ओली झाली की फुगते, पाणी धरून बसते. वाळली की भेगाळते आणि भेगा पडताना बारीक मुळं तुटतात. आपण ज्याला चिबड जमीन म्हणतो, म्हणजे पाणी साचून कायम ओली राहणारी, ती तर तरवडाला घातकच.

झाडापासून तीनेक फूट दूर एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा काढा. पाणी भरा, जिरू द्या, मग पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-पाच तासांत गेलं तर जागा चांगली. रात्रभर राहिलं तर त्या जागेत तरवड एखादा पावसाळा काढेल, दुसऱ्यात जाईल. पहिलं पाणी मोजू नका, कोरडी माती ते आधाशासारखं पिते आणि चुकीचा अंदाज येतो.

निचरा वाईट निघाला की लोक एक उपाय करतात तो करू नका. काळ्या मातीत मोठा खड्डा काढून त्यात मुरूम भरतात. चारी बाजूंनी चिकण माती आणि मध्ये पोकळ मुरूम, म्हणजे ती विहीरच झाली. आजूबाजूचं सगळं पाणी त्यात उतरतं आणि मुळं त्यातच उभी राहतात. मीही पहिल्या दोन वर्षांत असेच खड्डे भरले आणि नऊ झाडं घालवली. मुरूम खड्ड्यात नाही, जमिनीवर चढवायचा. दोन भाग मुरूम, एक भाग साधी माती, दीड फूट उंच आणि चार फूट रुंद उंचवटा करा, पायथ्याशी पाणी बाहेर जायला चर ठेवा. बांधकामाचा पडीक मुरूम चालतो, फक्त त्यात चुना-सिमेंट नको.

मातीवर पांढरा थर असेल तर बोअरच्या पाण्यातला क्षार वर येतोय. पाणी बंद केलं आणि एक चांगला पावसाळा गेला की बहुतेक वेळा थर धुऊन जातो.

रोप का बसत नाही, बी का उगवत नाही

तरवडाचं सोटमूळ लहानपणीच खोल जातं. नर्सरीच्या पिशवीत ते तळाला लागून वळसे घेतं, आणि एकदा वळलेलं मूळ जमिनीत गेल्यावरही सरळ होत नाही. पिशवी फाडल्यावर तळाशी मुळाचं वेटोळं दिसलं तर ते रोप परत करा. माळावरचं मोठं झाड उपटून आणू नका. सोटमूळ तुटतं, ते शंभरात एखादंच जगतं, आणि वनजमिनीतून काहीही उपटणं गुन्हा आहे.

त्यापेक्षा बी जागेवरच पेरा. त्याचं कवच इतकं कठीण असतं की पाणी आत जात नाही, म्हणून नुसतं पेरलेलं बी महिनोन् महिने तसंच पडून राहतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये तपकिरी वाळलेल्या शेंगा घ्या. बारीक गोल भोक असलेलं बी टाकून द्या, आतलं किड्यानं खाल्लेलं असतं. पाणी उकळा, गॅस बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग बी टाका आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी फुगलेलं बी पेरायला तयार. न फुगलेल्या बियांना पॉलिश पेपरवर एका बाजूनं घासा आणि पुन्हा भिजवा. मृग बरसून जमीन नीट भिजली की उंचवट्यावर एका जागी चार बिया, बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा खोल नाही. आठ-पंधरा दिवसांत उगवतात. जोमाचं एक ठेवून बाकीची कात्रीनं कापा, उपटू नका, शेजाऱ्याचं मूळ हलतं. माझ्याकडे अशी झाडं दुसऱ्या पावसाळ्यानंतर फुलली आणि त्यांच्यावर मला परत काही करावं लागलं नाही.

देगलूरकडे माझी मावसबहीण राहते. तिच्या शेजारी तेलुगू बोलणारी घरं आहेत. बतुकम्मा या त्यांच्या फुलांच्या सणाच्या वेळी ती याच फुलांच्या शोधात फिरतात. तेलंगणाचं ते राज्यफूल, तंगेडू. तिच्या अंगणातल्या दोन झाडांवर आता गल्लीचा सण निभावतो, इकडे आमच्या घटाची माळही.

कधी थांबायचं, कुणाला बोलवायचं

बुंध्याची साल मातीलगत तपकिरी, हलवल्यावर झाड सैल, मूळ काळं आणि कुजट वास, असं दिसलं तर ते झाड गेलं. औषध ओतू नका. उपटून जाळा, त्या खड्ड्यात वर्षभर तरवड लावू नका.

एकापाठोपाठ तीन-चार झाडं जाताहेत आणि सोबत लिंबू, तूर, डाळिंबही मरतंय, तर हा घरच्या घरी सुटणारा प्रश्न नाही. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात नमुना न्या. पूर्ण वाळलेलं झाड नेऊ नका, त्यात रोगाऐवजी नंतर आलेली बुरशीच सापडते. अर्धवट कोमेजलेलं झाड मुळांसकट, भोवतीच्या ओंजळभर मातीसह, कागदी पिशवीत न्या. प्लॅस्टिकमध्ये घाम धरतो आणि नमुना सडतो. किती पाणी दिलं, काय फवारलं, शेजारी कोणतं पीक आहे, हे चिठ्ठीवर लिहून द्या.

पांढरा थर पावसाळ्यानंतरही टिकला तर माती आणि बोअरचं पाणी दोन्ही प्रयोगशाळेत तपासून घ्या. जिप्सम, गंधक वगैरे रिपोर्ट येण्याआधी टाकू नका.

आणि पाऊस नसताना, ठिबक बंद असताना, कंपाउंडच्या एकाच कोपऱ्यात माती ओली राहत असेल, तर तिथं पाइप किंवा शौचालयाची टाकी गळतेय. माळीकाम थांबवा, प्लंबरला बोलवा. औशाच्या एका घरी मी दोन वर्षं त्या कोपऱ्यात तरवड बदलत राहिले. तिसऱ्या वर्षी पाइप उघडला, गळती बंद केली, आणि तिथलं झाड आता माझ्या डोक्यापेक्षा उंच आहे.